भाटघरात क्रूझ आणा म्हणणाऱ्या सगळ्यांना



पोस्ट मोठी झालीय, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा. भांडायचं असेल तर भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

जुलैमध्ये आम्ही अकरा जण अलास्काच्या क्रूझला जाऊन आलो. मी, सौ., मुलगा, सून, नातू, मेहुणे आणि त्यांच्या मिसेस, आणि माझे दोन शाळासोबती जोडीनं. त्यातला एक एसटीचा निवृत्त कंडक्टर, दुसऱ्याचं किराणा दुकान. फोटो टाकले, तुम्ही लाइक केले, आनंद वाटला. पण खालच्या कमेंट वाचून गेले दोन महिने डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितोय.

कमेंट तीन प्रकारच्या होत्या. पहिला प्रकार शुभेच्छांचा, त्यांना धन्यवाद. दुसरा प्रकार, ‘मास्तर, पेन्शनीत अलास्का कसं जमलं?’ तर बाबांनो, मुलगा सिएटलला नोकरीला आहे, क्रूझ तिथूनच सुटते, तिकिटाचा निम्मा खर्च त्यानं केला. उरलेला मी केला. तीस वर्षं शाळेत खडू झिजवलाय, चोरी केलेली नाही. अमेरिकेचा व्हिसा आणि वर कॅनडाचा व्हिसा, दोन्हीकडच्या रांगा आणि फिया भरल्या. कॅनडाचा का, ते पुढं सांगतो, त्यातच एक गंमत आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात मोठा. ‘काका, भाटघरला पण अशी क्रूझ पाहिजे!’ ‘भोरचं अलास्का करा!’ ‘आपल्याकडं काय कमी आहे, फक्त इच्छाशक्ती पाहिजे!’ आणि एका भावी सदस्यानं तर तिथंच जाहीर करून टाकलं की झेडपीला संधी दिली तर बॅकवॉटरमध्ये क्रूझ आणून दाखवतो. खाली साठ जणांनी भगवे झेंडे आणि टाळ्या वाजवणारे हात टाकले.

माझ्या फोटोखाली माझ्याच तालुक्याची बोली लागली म्हणायची! म्हणून आता मला बोलणं भाग आहे. तुम्ही फोटोत पाच मजली बोट बघितली, मागं बर्फ बघितला. मी जे बघितलं ते फोटोत आलं नाही, ही चूक माझी.

आमची बोट सिएटलहून निघाली. सुटायच्या आधी सगळ्यांना मस्टर ड्रिल. लाइफ जॅकेट कसं बांधायचं, भोंगा वाजला की कुठल्या जागी उभं राहायचं. माझा नातू सात वर्षांचा, त्याच्या हाताला पट्टी बांधली, त्यावर त्याच्या जागेचा नंबर. १९१२ ला टायटॅनिक बुडाली, १९१४ ला जगानं बसून बोटींच्या सुरक्षिततेचा करार केला, तेव्हापासून हे चालू आहे. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिलं मोठं बंदर जुनो. अलास्काची राजधानी. वस्ती साधारण ३२ हजार. गावाला बाहेरून यायला रस्ताच नाही, विमानानं या नाहीतर बोटीनं. एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी. मला तर क्षणभर वेळवंड खोऱ्यात उभा आहे असं वाटलं, फक्त गारठा जास्त. आम्ही उतरलो तेव्हा आमच्यासारख्या आणखी बोटी धक्क्याला लागलेल्या. एकेका बोटीत तीन-चार हजार माणूस. वर्षाला क्रूझनं येणारे पाहुणे १६ लाखांच्या वर. म्हणजे एका गावकऱ्यामागं पन्नास पाहुणे.

आमचे कंडक्टरसाहेब धक्क्यावर उतरले, गर्दीकडं बघितलं आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘एवढी माणसं उतरल्यावर ह्यांची मुताऱ्यांची सोय काय?’

हसू नका. सगळ्या अलास्कात मी ऐकलेला सगळ्यात शहाणा प्रश्न हाच होता. सोय होती. स्वच्छ होती. फुकट होती. आणि तिचे पैसे आम्हीच भरले होते. कसे ते ऐका.

१९९९ मध्ये जुनोच्या लोकांनी मतदान करून ठरवलं की बोटीतून येणाऱ्या प्रत्येक माणसामागं गावाला ५ डॉलर मिळाले पाहिजेत. २००६ मध्ये सगळ्या अलास्का राज्यातल्या मतदारांनी असाच कर मंजूर केला. कोणा आमदाराला वाटलं म्हणून नव्हे, लोकांनी सह्या गोळा करून तो विषय मतदानाला लावला. कंपन्या कोर्टात गेल्या, ओरडल्या, २०१० मध्ये कर कमी करून घेतला. तरी आज माणशी ३४.५० डॉलर आहेच, आणि त्यातले ५-५ डॉलर बोट ज्या पहिल्या सात बंदरांत थांबते तिथं परत जातात. आमच्या बिलावर ‘कर आणि बंदर शुल्क’ अशी ओळ होती, मी तिच्याकडं बघितलंही नव्हतं. नंतर बघितली. ही ओळ म्हणजे त्या गावानं पंचवीस वर्षं दिलेली लढाई आहे.

लढाई शब्द मुद्दाम वापरतोय. त्या पैशातून गावानं समुद्राकाठी फिरायला वाट केली, देवमाशाचा पुतळा बसवला, तर २०१६ मध्ये कंपन्यांच्या संघटनेनं गावाला कोर्टात खेचलं. पुतळ्याचा आणि आमच्या बोटींचा काय संबंध, म्हणे. २०१८ ला निकाल लागला. शुल्क घ्यायचा गावाचा हक्क कोर्टानं मानला, पण पैसा बोटींच्या आणि प्रवाशांच्या उपयोगाला लागला पाहिजे असंही बजावलं. हिशेब दाखवावा लागतो तिथं. आपल्याकडं यात्रेची पावती फाडतात तिचा हिशेब शेवटचा कधी ऐकला होता, आठवा.

पुढं ऐका. बोटी वाढतच गेल्या तेव्हा गावानं कंपन्यांना समोर बसवून करार केला, २०२४ पासून दिवसाला पाचपेक्षा जास्त मोठ्या बोटी नकोत. तेवढ्यानं भागेना, म्हणून दुसरा करार, २०२६ पासून दिवसाला १६ हजार खाटांची मर्यादा, शनिवारी १२ हजार. काही लोक त्याही पुढं गेले. म्हणाले, शनिवारी एकही बोट नको, आठवड्यातून एक दिवस गाव आमचं आम्हाला पाहिजे. ऑक्टोबर २०२४ ला त्यावर मतदान झालं आणि ती मागणी पडली. बहुसंख्य लोकांना धंदा बुडायची भीती वाटली. मला इथं कोण बरोबर ते सांगायचं नाही. मला एवढंच दिसलं की किती पाहुणे घ्यायचे हा प्रश्न गावाला विचारला गेला आणि गावानं उत्तर दिलं.

आपल्याला कोणी, कधी विचारलंय?

आम्ही बोटीवर होतो त्याच आठवड्यात, ११ जुलैला, व्हॉट्सअॅपवर बातमी आली. युनेस्कोनं महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात आपला राजगड! बोटीवर आम्ही अकरा जणांनी ‘जय शिवराय’ अशी आरोळी ठोकली, शेजारच्या टेबलावरची म्हातारी दचकली. मुलानं तिला इंग्रजीत समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, अभिनंदन, मग तुमच्या गावानं आता गर्दीचं काय ठरवलंय?

मी गप्प. काय सांगणार? काहीच ठरवलेलं नाही.

वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं (कागदावर झालं, जीभ अजून वेल्हेच म्हणते). कमानी लागल्या, फ्लेक्स लागले, प्रत्येक पक्षाचं श्रेय घेऊन झालं. आणि गुंजवण्यात, पालीत पावसाळ्यातल्या रविवारी काय चित्र असतं? अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या. आजारी माणसाला न्यायचं तर गाडी पुढं सरकत नाही. ओढ्यात प्लास्टिक, बांधावर बाटल्या, कोणाच्या भाताच्या खाचरात पोरं रील काढायला उतरलेली. सगळ्या तालुक्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत साधारण ५४ हजार. पुणं पन्नास-साठ किलोमीटरवर. हे गणित जुनोपेक्षा सोपं नाही, अवघड आहे, कारण जुनोला यायला बोटीचं तिकीट लागतं, आपल्याकडं यायला फक्त पेट्रोल.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, मास्तर स्वतः अलास्काला जाऊन आले आणि आता पुण्याच्या पोरांनी राजगडावर यायचं नाही म्हणतात. नाही म्हणत. या. पन्नासदा या. मीसुद्धा तिकडं पाहुणाच होतो, गर्दीतलाच एक होतो. माझ्या बोटीनं काय धूर सोडला असेल आणि तिथला बर्फ का वितळतोय हे मला कळतं, मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. जुनोच्या बाहेर मेंडनहॉल हिमनदी आहे, ती दरवर्षी मागं सरकतेय, आणि ती बघायला आम्ही पेट्रोल-डिझेल जाळत गेलो. हे माझं पाप मी मान्य करतो. पण तिथं मी नियमात पाहुणा होतो. ग्लेशियर बे नावाच्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ सोडतात. तिथले रेंजर स्वतः बोटीवर चढतात, माहिती देतात. तिथं कोणी स्पीकर लावला नाही, कोणी पुडी फेकली नाही. आम्ही हेच लोक. भोरचेच. मग आपल्या गडावर आल्यावर आपल्याला काय होतं?

आता ज्या गावानं माझे डोळे उघडले त्याच्याकडं येतो. हूना. वस्ती हजाराच्या आत. तिथले मूळ लोक ट्लिंगिट. त्यांचं जुनं घर ग्लेशियर बेमध्ये होतं. साधारण अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी हिमनदी पुढं सरकत आली आणि तिनं त्यांची गावं गिळली. लोक उठून खाडीपलीकडं हूनाला येऊन बसले. पुढं बर्फ मागं हटला, पण १९२५ मध्ये सरकारनं ती जागा संरक्षित करून टाकली. म्हणजे आधी बर्फानं हाकललं, मग कागदानं.

हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर काय आलं असेल सांगायला नको. आमचं जुनं गाव भाटघरच्या पाण्यात आहे. माझ्या पणजोबांनी डोक्यावर भांडी घेऊन डोंगराच्या अंगाला घर बांधलं. १९२८ च्या सुमाराला इंग्रजांनी धरण पुरं केलं, लॉइड डॅम नाव दिलं. पाणी कोणाला? नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस, पंढरपूर. चांगलं झालं, त्यांची शेती पिकली, मला त्यांचा द्वेष नाही. पण भुतोंडे आणि वेळवंड खोऱ्यातल्या बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन कुठं जातात हे त्या खोऱ्यातल्या कोणालाही विचारा. नीरा देवघरला तेच झालं. पानशेत, वरसगावला तेच झालं. गुंजवणीला तेच झालं. दोन तालुक्यांत मिळून पाणीच पाणी, आणि त्या पाण्यावर आपला शब्द शून्य.

हूनाच्या लोकांनी काय केलं? १९७१ मध्ये अमेरिकेनं कायदा करून अलास्कातल्या मूळ लोकांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि जवळजवळ १०० कोटी डॉलर दिले, आणि ते गावागावांच्या कंपन्या करून त्यांच्या नावावर केले. भागधारक कोण, तर तिथलेच लोक. त्या कायद्यातही खोट होती, त्यांची बाकीच्या जमिनीवरची पिढ्यांची मालकी त्यात गेली, त्यावर तिथं अजून वाद आहेत. पण हूनाच्या कंपनीनं १९१२ सालचा मासे डबाबंद करायचा बंद पडलेला कारखाना दुरुस्त केला आणि २००४ पासून तिथं क्रूझ घ्यायला सुरुवात केली. धक्का त्यांचा. जागा त्यांची. दुकानं अलास्कातल्याच लोकांची. गाडी चालवणारी बाई गावची, कारखान्याचं जुनं यंत्र दाखवणारा म्हातारा गावचा. त्यानं सांगितलं, माझा बाप इथं मासे साफ करायचा.

आणि ज्या उद्यानातून त्यांना बाहेर काढलं होतं, तिथं २०१६ मध्ये त्यांचं लाकडी कुलघर पुन्हा उभं राहिलं. उद्यानाच्या खात्यानं आणि त्यांनी मिळून बांधलं.

आता जुनोतलंच दुसरं चित्र सांगतो, म्हणजे मी नुसतं गोडगोड सांगतोय असं वाटायला नको. धक्क्यासमोरच्या रस्त्यावर दागिन्यांच्या दुकानांची रांग. सौ. आत गेल्या (जाणारच). काउंटरवरचा पोरगा आमचं मराठी ऐकून हिंदीत बोलायला लागला. उल्हासनगरचा निघाला. म्हणाला, अंकल, ऑक्टोबरला दुकानाला कुलूप, मग आम्ही कॅरिबियनला, तिकडच्या बोटींच्या मागं. म्हणजे बोट जिकडं, दुकान तिकडं. गावाशी त्यांचा संबंध भाड्यापुरता. हिवाळ्यात त्या रस्त्यावर पाट्या झाकलेल्या असतात म्हणे.

तर मंडळी, एकाच किनाऱ्यावर दोन नमुने आहेत. हूनाचा धक्का आणि जुनोचा तो रस्ता. पाहुणे तेच, डॉलर तेच. फरक एवढाच की धक्क्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे.

आता मला सांगा, पानशेत रस्त्याला, मार्गासनीपासून वेल्ह्यापर्यंत, भाटघरच्या कडेला, गेल्या वीस वर्षांत सातबारे कोणाच्या नावावर गेले? कुंपणाच्या आत कोण आहे आणि गेटवर वॉचमन म्हणून कोण उभा आहे? विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. लग्नं होती, दवाखाने होते, नाचणी-वरीवर घर चालत नव्हतं. पण ‘क्रूझ आणा’ म्हणणाऱ्यांनो, क्रूझ आली तर त्या कुंपणवाल्यांसाठी येईल. तुमच्या वाट्याला पार्किंगची शिट्टी आणि वडापावची गाडी, तीही अतिक्रमणात उचलून नेतील.

आणि पाणी? लोकांनी पैसे भरलेल्या बोटी पाण्यात काय सोडतात त्याचाही दाखला अलास्कातच आहे. रॉयल कॅरिबियन ही जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रूझ कंपन्यांपैकी एक. तिच्या बोटी चोरून तेलकट घाण समुद्रात सोडत होत्या आणि नोंदी खोट्या ठेवत होत्या, जुनोच्या बंदरातसुद्धा. १९९९ मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल केला, १ कोटी ८० लाख डॉलर दंड भरला. तिथं तटरक्षक दल आहे, सरकारी वकील आहे, तरी हे झालं. आपल्या पानशेत-वरसगावचं पाणी पुणं पितं. भाटघरचं पाणी खालच्या पाच तालुक्यांच्या शेतात जातं. तिथं बोटीचं तेल आणि रिसॉर्टची गटारं कोण तपासणार? तलाठी?

बरं, पर्यटनवाल्यांनी साधा भूगोल तरी बघावा. क्रूझचा हंगाम म्हणजे सुट्टी, एप्रिल-मे. आणि भाटघर एप्रिल-मेमध्ये कसं असतं? खाली सोडून सोडून तळ गाठलेलं. कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ, जे वर्षातले दहा-अकरा महिने पाण्याखाली असतं, ते उघडं पडतं आणि आपण दर्शनाला चिखल तुडवत जातो. क्रूझ काय देवळाच्या कळसाला बांधणार?

पाण्यावरच्या बोटीला माझा विरोध नाही. उलट आहे ते सांगतो. आमच्या लहानपणी बॅकवॉटरमधून लाँच चालायची. आजीला बाजाराला, मास्तरांना शाळेला, बाळंतिणीला दवाखान्यात, सगळ्यांना ती लाँच. डिझेलचा वास आणि कोंबड्यांची पाटी, असा तो आमचा क्रूझचा पहिला अनुभव. आमच्या बाजूची लाँच रस्ते झाले तशी बंद पडली, आणि रस्ते कसे झालेत ते तुम्ही पावसाळ्यात बघताच. पलीकडचं गाव समोर दिसतं, हाक मारली तर ऐकू येईल, पण जायचं तर पाण्याला वळसा. पर्यटकासाठी वातानुकूलित क्रूझ मागणाऱ्या एकानंही त्या गावांसाठी सकाळ-संध्याकाळची एक लाँच परत मागितली नाही. ती मागा ना!

आणि लाइफ जॅकेट. सात वर्षांच्या माझ्या नातवाच्या मनगटाला नंबर बांधणारी ती बोट आठवतेय ना? मे २०२२ मध्ये आपल्या भाटघरात, नऱ्ह्याजवळ, एकाच वेळी पाच लेकीसुना बुडाल्या. आपल्या घरातल्या. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा गेले. डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यानंतर सगळ्यांना जॅकेटची सक्ती आठवली. १९४७ ला रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, म्हणजे हा धडा आपल्याला स्वातंत्र्याच्याही आधी मिळालेला आहे. भाटघरच्या काठावर आज किती ठिकाणी धोक्याची पाटी आहे, दोरी आहे, हवा भरलेली एक ट्यूब तरी आहे? भावी सदस्यांनी आधी ट्यूब आणून दाखवावी. क्रूझचं नंतर बघू.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, ज्यावर मला सगळ्यात जास्त शिव्या बसणार आहेत. गडावर शुल्क. ‘महाराजांच्या दर्शनाला पैसे घेणार का?’ हा प्रश्न मी दहा जणांकडून ऐकलाय. उत्तर, नाही. दर्शनाला एक रुपया नको. पायी येणाऱ्याला, एसटीनं येणाऱ्याला, शाळेच्या सहलीला एक रुपया नको. पण चार चाकं घेऊन माझ्या गावाच्या रस्त्यावर येणाऱ्यानं गावाला पैसे दिले पाहिजेत. सिंहगडावर घेरा सिंहगडची वन समिती गाड्यांकडून उपद्रव शुल्क घेतेच की, तिथं महाराजांचा अपमान झाला का? आणि साताऱ्याचं कास बघा. २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेलं आणि लोकांनी फुलं तुडवून चिखल केला. मग कास, कासाणी, आटाळी, एकीव या गावांची समिती उभी राहिली. दिवसाला तीन हजार माणूस, ऑनलाइन नोंदणी, शुल्क, गावच्या पोरा-पोरींना हंगामात रोजगार. तिथंही कुरबुरी आहेत, शनिवार-रविवारी मर्यादा मोडते अशी ओरड असते. पण समिती गावची आहे, भांडायचं तर गावात भांडता येतं. अलास्का लांब आहे म्हणणाऱ्यांनी कासला जाऊन यावं, खंबाटकी ओलांडली की आलंच.

‘ग्रामपंचायतीला तो अधिकारच नाही’, हे आमच्या ग्रामसेवकांचं आवडतं वाक्य. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १२४ काढून वाचा. यात्रा कर आहे, जत्रा-उत्सव-करमणुकीवरचा कर आहे. राजगड राज्य पुरातत्त्वचा, जंगल वन विभागाचं, पाणी जलसंपदाचं, हे मला माहीत आहे. पण रस्त्याच्या कडेचं पार्किंग, कचरा, संडास, पिण्याचं पाणी हे गावाच्या हद्दीतच येतं, आणि घाणही गावातच पडते. घाण आमची आणि अधिकार तुमचा, असं कसं चालेल?

मला कॅनडाच्या व्हिशाची गंमत सांगायची राहिली. आमची बोट अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येणार होती, तरी शेवटच्या रात्री कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदरात थांबली. का? कारण बोट नोंदवलेली बहामाची. आणि अमेरिकेचा १८८६ सालचा कायदा आहे की परदेशी झेंड्याच्या बोटीनं अमेरिकेतल्या बंदरांमधली प्रवासी वाहतूक करायची नाही, मध्ये परदेशी बंदर घेतलं तरच अशी फेरी चालते. स्वतःच्या बोटीवाल्यांच्या पोटासाठी केलेला कायदा, दीडशे वर्षं होत आली, जगातल्या बलाढ्य कंपन्या आजही त्याच्यापुढं वाकून वळसा घालतात. त्या एका कलमापायी माझ्या खिशातून अकरा जणांच्या कॅनडा व्हिशाची फी गेली. मुलगा-सुनेला लागला नसता म्हणे, पण ते भांडण घरातलं आहे.

परत येताना विमानात कंडक्टरसाहेब म्हणाले, मास्तर, आपल्या लोकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाडीत घंटी मारली, एकदा तरी गाडी आपली पाहिजे होती. ते वाक्य डोक्यातनं जात नाही.

तर मी पुढचं ठरवलंय. यंदा २ ऑक्टोबरला दसरा आलाय, त्यामुळं गांधी जयंतीची ग्रामसभा पुढं-मागं करतील आणि कोरम नाही म्हणून तहकूब करतील. करू द्या. तहकूब सभेलाही मी येणार आहे. आमच्या गावासाठी अर्ज लिहून तयार आहे. गावाबाहेरच्या चारचाकीवर पार्किंग शुल्क, पावती पुस्तकाचा हिशेब दर महिन्याला चावडीवर, त्यातून आधी बायकांसाठी दोन संडास आणि पाण्याच्या काठावर दोरी-ट्यूब. बॅकवॉटरमध्ये कोणतीही खासगी बोट यायची असेल तर आधी ग्रामसभेचा ठराव. आणि जलसंपदाकडं व जिल्हा परिषदेकडं खोऱ्यातल्या गावांसाठी लाँचची मागणी.

सूचक मी आहे. अनुमोदक पाहिजे. शक्यतो बाई असावी, कारण संडासाच्या मुद्द्यावर पुरुष मंडळी हसतात आणि विषय उडवून लावतात. भुतोंडे, वेळवंड, गुंजवणे, पाली, कुठल्याही गावात हाच अर्ज टाकायचा असेल तर मजकूर देतो, नाव-गाव बदलून घ्या. ज्या भावी सदस्यांनी क्रूझ जाहीर केलीय त्यांनाही निमंत्रण आहे. सभा शाळेच्या पडवीत, सकाळी दहाला. खुर्च्या नाहीत, सतरंजी आहे.